जी दक्षिण की एफ दक्षिण? एका मृत्यू दाखल्याचं प्रकरण

एप्रिल 2025 च्या पहिल्या आठवड्यात आमच्या गावच्या चावडीवर मेलेल्या माणसांची नावं वाचली गेली. 'जिवंत सातबारा' मोहीम 1 एप्रिलला राज्यभर सुरू झाली होती. गावागावात चावडीवाचन करायचं, सातबाऱ्यावर कुठल्या मयत खातेदारांची नावं अजून राहिली आहेत त्यांची यादी करायची आणि वारसांकडून कागद घेऊन नोंदी लावायच्या, असा तो कार्यक्रम. आंब्याचे दिवस, अर्धा गाव कलमांत. तरीही चावडीसमोरच्या मांडवात माणसं दाटीने बसली होती. एकेक नाव वाचलं जायचं आणि कुणीतरी म्हणायचं, "हो, ते गेले." दर दुसऱ्या-तिसऱ्या नावाला आणखी दोन शब्द जोडले जायचे: "मुंबईत गेले."

मी देवगड तालुक्यातल्या एका गावात आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. त्या महिन्यात माझ्या टेबलावर जी प्रकरणं आली त्यातलं हे एक. परवानगी घेऊन लिहितोय. माणसं ओळखू येतील असा तपशील ठेवलेला नाही आणि दोन नावं बदलली आहेत. लिहायचं कारण एवढंच की हाच घोळ मी वर्षानुवर्षं बघतोय. कोकणातल्या माणसाला आपल्या गावाचा सर्व्हे नंबर तोंडपाठ असतो. पण मुंबईत आपलं माणूस कुठल्या वॉर्डात गेलं, हे त्याने कधी विचारलेलं नसतं.

काकी आल्या त्या चावडीवाचनाच्या दुसऱ्या दिवशी. वय 71. पिशवीत सातबारा, आठ अ, रेशनकार्ड आणि नवऱ्याचा मृत्यू दाखला. नवरा 2016 मध्ये गावातच वारला, त्यामुळे तो दाखला ग्रामपंचायतीतून मिळालेला. अडलं होतं ते सासऱ्यांच्या नावावर. 42 गुंठ्यांची कलमबाग, आणि सातबाऱ्यावर अजून सासरे आणि त्यांचा धाकटा भाऊ. काकींचं नाव कुठेच नाही. फळपीक विमा काढायचा म्हटला तरी सातबाऱ्यावर नाव हवं.

"सासरो मुंबयत गेलो," काकी म्हणाल्या. "वरळेक. संप झालो त्याच्यानंतर."

"खंय म्हणजे, घराक की हास्पिटलात?"

"ता माका काय ठावक, झिला? मी हंयच होतंय. तार इली, एवढाच."

हे उत्तर मी शेकडो वेळा ऐकलंय. 1984 मधली तार म्हणजे चार शब्द. कुठल्या इमारतीत, कुठल्या खाटेवर, हे तारेत कोण लिहिणार?

सासरे 1957 च्या सुमारास मुंबईला गेले. लोअर परळच्या गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, लागले आणि वरळीच्या बीडीडी चाळीत गाववाल्यांच्या खोलीत राहिले. या चाळी 1920 च्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधल्या, म्हणून बीडीडी. वरळीला अशा 121 इमारती होत्या, प्रत्येक खोली 160 चौरस फुटांची, संडास मजल्याच्या टोकाला. अशा एका खोलीत आमच्या गावची पंधरा-वीस माणसं राहायची. ज्याची रात्रपाळी तो दिवसा झोपायचा. भिंतीला ओळीने ट्रंका, ट्रंकेवर गुंडाळलेली वळकटी, आणि खुंटीला टांगलेलं मंडळाचं हिशेबाचं पुस्तक. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्या खोलीतली निम्मी माणसं गावी परतली. सासरे परतले नाहीत. गिरणी पुन्हा घेईल, या आशेवर राहिले.

काकींचा मुलगा नालासोपाऱ्याला राहतो. आईने फोन केल्यावर त्याने सुट्टी टाकली आणि सरळ मुंबई महापालिकेच्या जी दक्षिण विभागाचं, म्हणजे वॉर्डाचं, कार्यालय गाठलं. त्याचा हिशेब सरळ होता: आजोबा वरळीत राहत होते, वरळी जी दक्षिणमध्ये येते, म्हणून नोंद तिथे असणार. अर्ज भरला, 1982 ते 1986 अशी पाच वर्षं शोधायला सांगितली. शोध झाला. त्या नावाची नोंद त्या विभागात नाही, असा अनुपलब्धतेचा दाखला हातात आला. दाखला बरोबरच होता. त्या विभागाच्या रजिस्टरात ती नोंद नव्हतीच.

इथून प्रकरण चुकीच्या वाटेला लागलं असतं. घरच्यांनी त्या कागदाचा अर्थ काढला, 'आजोबांच्या मृत्यूची नोंदच झालेली नाही.' आणि असा अर्थ काढला की पुढचं सांगणारा माणूस भेटतोच. त्यालाही कुणीतरी भेटला. प्रतिज्ञापत्र करू, दोन साक्षीदार देऊ, उशिरा नोंदणीचा आदेश आणू, 15,000 रुपये होतील. मुलगा तयार झाला होता. सहज म्हणून त्याने मला अनुपलब्धतेच्या दाखल्याचा फोटो पाठवला आणि मी त्याला लगेच फोन केला.

जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा 1969 चा, महाराष्ट्रात तो 1 एप्रिल 1970 पासून लागू आहे. त्यातला पायाच असा की घटना जिथे घडली तिथल्या निबंधकाकडे नोंद होते. माणूस राहत कुठे होता, त्याचं रेशनकार्ड कुठलं, मतदान कुठे, याला नोंदणीच्या जागेपुरता अर्थ नाही. घरी मृत्यू झाला तर खबर द्यायची जबाबदारी घरच्या कर्त्यावर, रुग्णालयात झाला तर रुग्णालयाच्या प्रभारी वैद्यकीय अधिकाऱ्यावर. म्हणजे माणूस रुग्णालयात गेला असेल तर घरच्यांनी काही केलं नाही तरी नोंद झालेली असण्याचीच शक्यता जास्त.

आणि नोंद आधीच झालेली असताना उशिरा नोंदणी मागायची म्हणजे प्रतिज्ञापत्रावर खोटं लिहायचं, 'ही नोंद कुठेही झालेली नाही.' एका मरणाच्या दोन नोंदी, दोन तारखा. असं एक प्रकरण मी पाहिलंय. पुढे जमिनीच्या दाव्यात समोरच्या वकिलाने दोन्ही दाखले न्यायालयात ठेवले आणि वारसांचं बोलणंच बंद झालं. वर्ष उलटल्यानंतरच्या नोंदीला पूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागायचा. 1 ऑक्टोबर 2023 पासूनच्या दुरुस्तीने तो अधिकार जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे गेला. वाट सोपी झाली म्हणून लोक तिकडे धावतात. पण ती वाट ज्यांची नोंद खरोखरच झाली नाही त्यांच्यासाठी आहे.

मी मुलाला एवढंच म्हटलं, "तो कागद वरळीपुरता बोलतोय. मुंबईत असे आणखी वीसच्या वर वॉर्ड आहेत. आधी आजोबा कुठे गेले ते शोधू."

अक्षरांचा नकाशा

इथे थोडं थांबून वॉर्ड म्हणजे काय ते सांगतो, कारण गावाकडे याचा मोठा गोंधळ आहे. कुणी नगरसेवकाचा प्रभाग नंबर घेऊन येतो. ते 227 प्रभाग निवडणुकीचे. दाखल्यासाठी लागतो तो प्रशासकीय विभाग, आणि त्याला नंबर नसतो, अक्षर असतं. मुंबई शहरात असे नऊ: ए, बी, सी, डी, ई, एफ दक्षिण, एफ उत्तर, जी दक्षिण, जी उत्तर. 1950 आणि 1957 मध्ये उपनगरं पालिकेत आली आणि एचपासून पुढची अक्षरं त्यांच्या वाट्याला गेली. आय, जे, ओ, क्यू ही अक्षरं वापरलेलीच नाहीत, त्यामुळे त्या नावाचा वॉर्ड शोधत बसू नका. वर्षानुवर्षं सगळे मिळून 24 होते. अलीकडे मालाडच्या पी उत्तरची फोड झाली.

प्रत्येक विभागाला आपलं कार्यालय, त्याचा प्रमुख सहायक आयुक्त. पाणी, कचरा, रस्ते, इमारतींचे परवाने सगळं तिथूनच. आणि तिथेच आरोग्य खात्याचा वैद्यकीय अधिकारी बसतो, तोच त्या विभागाचा जन्म-मृत्यू निबंधक. लोक त्याला एमओएच म्हणतात. म्हणजे आपल्याकडे ग्रामपंचायतीत ग्रामसेवकाकडे जी वही असते, तीच मुंबईत वॉर्डाच्या एमओएचकडे.

फरक आकाराचा. 2011 च्या जनगणनेत जी दक्षिणची लोकसंख्या 3,77,749 होती आणि एफ दक्षिणची 3,60,972. दोन्ही मिळून सात लाखांवर. आमचा अख्खा सिंधुदुर्ग जिल्हा त्याच जनगणनेत 8,49,651. आमचा जिल्हा 5,207 चौरस किलोमीटरवर पसरलेला. ते दोन वॉर्ड सुमारे 24 चौरस किलोमीटरमध्ये. जवळपास एका जिल्ह्याची माणसं आमच्या एखाद-दुसऱ्या गावाएवढ्या जागेत राहतात, आणि त्यांच्यामध्ये रेल्वेचे रूळ.

रूळ हेच इथे महत्त्वाचे. वरळी, प्रभादेवी, लोअर परळ रुळांच्या पश्चिमेला: जी दक्षिण. परळ, लालबाग, काळाचौकी, शिवडी पूर्वेला: एफ दक्षिण. जी दक्षिणचं कार्यालय ना. म. जोशी मार्गावर, म्हणजे आपल्या जुन्या माणसांच्या डिलाईल रोडवर. एफ दक्षिणचं परळला, डॉ. आंबेडकर रोडवर. गिरणगावच्या माणसाला ही हद्द कधी जाणवली नाही. तो सकाळी पुलावरून इकडे यायचा, संध्याकाळी तिकडे जायचा, भजन लालबागला आणि झोपायला वरळीला. हद्द फक्त वहीला माहीत.

आणि मोठी रुग्णालयं कुठे आहेत बघा. केईएम 1926 चं, नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह 1926 चं, मुलांचं वाडिया 1929 चं, टाटा 1941 चं. चारही परळला, चारही एफ दक्षिणमध्ये. म्हणून एफ दक्षिणच्या मृत्यू रजिस्टरात परळ-लालबागचीच माणसं नसतात. त्यात दहिसरची असतात, भांडुपची असतात आणि आमच्या देवगड-कणकवलीचीही असतात. टाटाला उपचारासाठी नेलेलं माणूस तिथे गेलं, घरच्यांनी त्याला गाडी करून गावी आणलं, इथल्या स्मशानात अग्नी दिला, तरी नोंद परळलाच. दर पावसाळ्यानंतर माझ्याकडे दोन-तीन घरं तरी येतात, ग्रामपंचायतीत हेलपाटे घालून दमलेली. ग्रामसेवक तरी काय करणार? मरण त्यांच्या हद्दीत झालेलंच नाही.

जन्माचंही तसंच आहे. चाळीतल्या बाईचं बाळंतपण वाडियात झालं तर मुलाची नोंद एफ दक्षिणची, घर वरळीचं असो की करी रोडचं. पहिलटकरणी मात्र बहुतेक माहेरी यायच्या, त्यांची मुलं आमच्या गावच्या वहीत. तो वेगळा विषय आहे.

भोईवाडा

सासरे कुठे गेले हे सांगू शकेल असा एकच माणूस गावात उरला होता. त्याच खोलीत राहिलेला, खात्यात त्यांच्या शेजारच्या साच्यावरचा. आता वय 84. डोळ्यांना कमी दिसतं, पण गिरणीचा विषय निघाला की आपला कामगार म्हणून असलेला तिकीट नंबर अजून घडाघडा सांगतात. संध्याकाळी मी आणि काकी त्यांच्या खळ्यात जाऊन बसलो. मी सरळ विचारलं नाही. सरळ विचारलं की माणसं 'वरळेक' म्हणून मोकळी होतात. मी विचारलं, "बाबा, त्यांका पोचवूक खंय नेल्लास?"

"भोयवाड्याक."

काकींनी माझ्याकडे पाहिलं. वरळीच्या चाळीतला माणूस घरी गेला असता तर त्याला वरळीच्या स्मशानात नेलं असतं, ते चालत जाण्याएवढं जवळ. भोईवाड्याचं स्मशान परळला. तिरडी कुणी मुद्दाम पूल ओलांडून नेत नाही.

मग बाकीचं आपोआप आलं. रात्री पोटात दुखायला लागलं. पाऊस लागून राहिलेला. दोघांनी धरून खाली आणलं, टॅक्सी मिळवली, एल्फिन्स्टनच्या पुलावरून परळला पालिकेच्या रुग्णालयात नेलं. दोन दिवस होते. तिसऱ्या दिवशी पहाटे गेले. "गावाक न्हेवक पैसे नाय होते," बाबा म्हणाले. "संपान सगळे कंगाल. खोलयेत वर्गणी काढली नि थंयच उरकला." हे सांगताना त्यांनी काकींकडे पाहिलं नाही. चाळीस वर्षं ती गोष्ट त्यांच्या मनात तशीच होती, हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं. काकी उठल्या, आत गेल्या आणि त्यांच्यासाठी पाणी घेऊन आल्या.

तो पूल सप्टेंबर 2025 मध्ये वाहनांसाठी बंद झाला, वरळी-शिवडी जोडरस्त्यासाठी पाडायला. मी त्यावरून कितीदा गेलोय. पण वॉर्डाची हद्द ओलांडतोय असं कधी मनात आलं नव्हतं.

वॉर्ड कळला, आता तारीख. पालिकेच्या एवढ्या मोठ्या रुग्णालयाच्या विभागात एका वर्षाच्या नोंदी किती असतील याचा विचार करा. पाच वर्षं शोधा म्हणण्यात अर्थ नाही. काकींना इंग्रजी तारीख आठवत नव्हती, साल तर नाहीच. मी विचारलं, "त्या वर्षी गणपती हाडल्यात?"

"नाय ना!" काकी एकदम म्हणाल्या. "सुतक पडला. पाट शाळेत दिलेलो, मूर्ती रंगवून तयार होती. माटवी बांधलेली ती तशीच ऱ्हवली."

आमच्याकडे गणपतीचा पाट आधी मूर्तिकाराच्या शाळेत द्यायचा असतो, चतुर्थीला त्याच पाटावरून देव घरी येतो. माटवी म्हणजे देवाच्या वर बांधायची फळा-पानांची आरास. त्या वर्षी घरचा पाट शाळेतच राहिला. ही आठवण कुठल्याही घरात पुसली जात नाही. आणि ते वर्ष कुठलं? बाबा म्हणाले, त्याच दिवाळीनंतर इंदिराबाई गेल्या. म्हणजे 1984. त्या वर्षीची गणेश चतुर्थी 30 ऑगस्टला होती. सुतक दहा दिवसांचं. चतुर्थीच्या दिवशी सुतकात असायला मृत्यू साधारण 20 ऑगस्टनंतरचा हवा. पाच वर्षांचा शोध दहा दिवसांवर आला.

हे मी मुद्दाम लांबवून लिहिलंय, कारण हाच भाग लोक सोडून देतात. तारीख कागदावरच असते असं नाही. शिमगा, चतुर्थी, गावची जत्रा, भाताची लावणी, एखादं वादळ, एखाद्या पुढाऱ्याचं मरण यांना ती बांधलेली असते. म्हाताऱ्या माणसाला 'तारीख सांगा' म्हटलं तर तो गप्प होतो. 'त्या वर्षी होळीला कोण नव्हतं' विचारलं की तो बोलायला लागतो.

मुलाने पुन्हा सुट्टी टाकली. आईला बरोबर यायचं होतं. तुतारी एक्स्प्रेसने रात्रभर बसून दादर, तिथून परळ. मी अर्जाचा मसुदा करून दिला: मृत्यूचं ठिकाण परळचं पालिका रुग्णालय, कालावधी 20 ते 31 ऑगस्ट 1984, पत्ता वरळी बीडीडी चाळ, वय 50 ते 60, गिरणी कामगार. आणि नावाच्या रकान्यात, बाबांशी बोलल्यानंतर, मी दोन नावं लिहिली होती.

कारण निघता निघता मी बाबांना शेवटचा प्रश्न विचारला होता: रुग्णालयात नाव कोणी सांगितलं? "मीच सांगलंय," ते म्हणाले. "बाबू म्हणान. आमी सगळे बाबूच म्हणायचे ना तेका." सातबाऱ्यावर पाळण्यातलं नाव, विठोबा. खोलीत, खात्यात, भजनात सगळीकडे बाबू. रात्री दोन वाजता आजारी माणसाला टॅक्सीतून उतरवताना कुणाला पाळण्यातलं नाव आठवतं? त्यांच्या चेहऱ्यावर अपराधी भाव आला. मी त्यांना म्हटलं, तुमच्यामुळेच आता नोंद सापडणार आहे.

सापडली. 26 ऑगस्ट 1984. नाव बाबू, वडिलांचं नाव आणि आडनाव बरोबर, वय 52, पत्ता वरळी बीडीडी चाळ, इमारतीच्या नंबरासह. वय चार-पाच वर्षांनी कमी लिहिलेलं. काकींनी मला तिथूनच फोन केला. वाचून दाखव म्हटलं तर त्यांना वाचवेना, मुलाने वाचलं.

दोन नावं, एक माणूस

दाखला हातात आला पण सातबाऱ्यावर विठोबा आणि दाखल्यावर बाबू. इथे दोन मार्ग असतात. नोंदणी कायद्याच्या कलम 15 खाली निबंधकाकडे नोंद दुरुस्त करून घ्यायची, किंवा नोंद तशीच ठेवून दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत हे महसूल खात्याला पटवायचं. दुरुस्तीला त्या काळचा भक्कम पुरावा लागतो आणि मुंबईच्या आणखी फेऱ्या. माझं मत दुसऱ्या मार्गाचं पडलं, कारण बाबू ही लिहिण्यातली चूक नव्हती. तो माणूस खरोखरच बाबू होता. 27 वर्षं त्याला त्या शहरात त्याच नावाने हाक मारली गेली.

पुरावा घरातच निघाला. सासऱ्यांची पत्र्याची ट्रंक गाववाल्यांनी नंतर एसटीने पाठवून दिली होती, ती काकींच्या माळ्यावर होती. आत एक धोतर, दाढीचं सामान, पगाराची काही पाकिटं आणि कामगार विमा योजनेचं ओळखपत्र. कडा वाळवीने खाल्लेल्या, फोटो जवळजवळ पुसलेला. पण नाव स्पष्ट: विठोबा ऊर्फ बाबू, पुढे वडिलांचं नाव, आडनाव, तिकीट नंबर. गिरणीच्या कारकुनाने पन्नास वर्षांपूर्वी निळ्या शाईत लिहिलेला तो 'ऊर्फ' मी बराच वेळ बघत होतो. त्याला काय माहीत, त्याच्या त्या एका शब्दावर एक बाग अडून राहणार आहे.

ते ओळखपत्र, काकींचं प्रतिज्ञापत्र, पोलीस पाटलांचा दाखला आणि बाबांचा जबाब असं सगळं तलाठ्यांकडे दिलं. (कागदावर आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी आहे, तोंडी तलाठीच.) मोहिमेची 10 मेची मुदत तोवर उलटली होती, पण त्याने काही बिघडत नाही. वारस नोंद मोहिमेबाहेरही नेहमीच होते, हे लोकांना सांगावं लागतं. मुदत गेली म्हणून कागद पुन्हा ट्रंकेत ठेवलेली घरं मला ठाऊक आहेत.

एक प्रसंग मात्र सांगायलाच हवा. वारसांच्या यादीत मुलाने पहिल्यांदा फक्त आईचं, स्वतःचं आणि बहिणीचं नाव लिहून आणलं होतं. दोन आत्यांचं नाव नाही. एक मालवणला, एक गोव्यात म्हापशाला. "त्यांका कशाला त्रास?" असं तो म्हणाला. वाईट हेतूने नाही, सगळीकडे असंच चालतं म्हणून. मी त्याला सांगितलं की 1956 च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच वडिलांच्या मागे मुली पहिल्या वर्गाच्या वारस आहेत, त्यांना वगळून केलेला अर्ज खोटा ठरतो. माझ्याआधी काकीच बोलल्या. "तेंच्या बापाशीचो दाखलो हाडूक आमी मुंबयक गेलो, नि तेंचाच नाव नको?" आत्यांना फोन झाले. दोघी आल्या. आपल्या वडिलांच्या मृत्यूची तारीख त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. इतकी वर्षं त्या सर्वपित्री अमावास्येला श्राद्ध करत होत्या, तिथी माहीत नव्हती म्हणून.

वारस नोंदवहीत, म्हणजे सहा क मध्ये, नोंद झाली, फेरफार धरला गेला, नोटीस लागली, पंधरा दिवसांत हरकत आली नाही. मंडळ अधिकाऱ्यांनी ओळखपत्राचा मूळ कागद पाहायला मागितला, 'ऊर्फ' वर बोट ठेवून एकदा वाचला आणि जुलैमध्ये फेरफार प्रमाणित केला. काकी नवा सातबारा न्यायला आल्या तेव्हा भर पाऊस होता. त्यांनी तो प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळला आणि छत्रीखाली छातीशी धरून नेला.

सातबाऱ्यावर अजून एक मयत नाव आहे: सासऱ्यांचा धाकटा भाऊ. बिनलग्नाचा, तोही मुंबईतच गेला, भावाच्या आधी सहा-सात वर्षं. काकींचं म्हणणं, "तोव वरळेक." गेल्या आठवड्यात मी पुन्हा बाबांच्या खळ्यात जाऊन बसलो आणि विचारलं, त्यांना कुठे नेलं होतं.

"चंदनवाडेक," ते म्हणाले.

चंदनवाडीचं स्मशान मरीन लाइन्सला. तिथून जवळची रुग्णालयं वेगवेगळ्या वॉर्डांत पडतात. कुठल्या रुग्णालयात होते ते बाबांना आठवत नाही; बरोबर गेला होता तो दुसरा गडी, त्याचा मुलगा आता सावंतवाडीला असतो. त्याचा नंबर मिळालाय. अर्ज माझ्या टेबलावर तयार आहे, फक्त विभागाच्या रकान्यात अजून अक्षर लिहिलेलं नाही.